दोन जागची हाडं

पोचमने मातीतून उचललेला तुकडा धोतराच्या सोग्याला पुसला आणि जिभेच्या टोकाला लावला. तुकडा तिथेच चिकटून राहिला. तो काढून पोचम म्हणाला, "हाडूक हाय, साहेब. दात बी हायेत."

दगड जिभेला चिकटत नाही, जुनं हाड चिकटतं. त्याला बारीक छिद्रं असतात, ती ओल ओढून घेतात. हे मला नागपूरला वर्गात शिकवलं होतं आणि परीक्षेत मी ते व्यवस्थित लिहिलंही होतं. पण शेळ्या चरतात त्या माळावरचं काही उचलून तोंडात घालायचं म्हणजे माझ्या जिवावर येई. पोचम दुर्गम नावाच्या आमच्या या गड्याला कुणी शिकवलं नव्हतं. नऊ वर्षांत त्याने आमच्या नागपूरच्या संशोधन संस्थेसाठी जेवढी हाडं शोधली होती, तेवढे दगडसुद्धा मी उचलले नसतील.

मी जबड्याचा तुकडा हातात घेतला. बोटाएवढा, त्यात मागे वळलेले पाच बारीक दात. पोचमने तो कापडी पिशवीत टाकला आणि मी चिठ्ठी लिहिली: मोहाचा उतार, तारीख, खोली. चिठ्ठी आत गेली, पिशवीचं तोंड बांधलं. मग आम्ही दीड मैल चालून लाल मातीच्या नाल्यात गेलो. तिथे पोचमला एक सडपातळ मांडीचं हाड आणि घोट्याचा तुकडा सापडला. ती दुसरी पिशवी, दुसरी चिठ्ठी.

हे १९७८ च्या डिसेंबरातलं. सिरोंच्याहून डोंग्याने प्राणहिता ओलांडली की पलीकडे लाल माळ लागतो. तिथे आमचा तळ होता. तीन तंबू, एक आचारी, आमचे प्रमुख डॉ. केळापुरे सर, त्यांचा संशोधन सहायक म्हणून मी, दिगंबर गुंडावार, आणि रोजंदारीवरचे चार गडी. पोचम त्या चौघांत होता, पण खरं तर तळ त्याच्यावरच चाले. कोणत्या नाल्यात पावसाने काय उघडं केलंय, हे सर आधी त्याला विचारत आणि मग नकाशा उलगडत.

त्या हंगामात पोचम कायम होणार होता. सिरोंच्यातल्या आमच्या गोदामाचा रखवालदार आणि सहायक, अशी जागा मंजूर झाली होती. टाइप केलेला कागद सरांच्या चामडी बॅगेत होता, फक्त सही राहिली होती. शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर देऊ, असं सर म्हणाले होते, आणि सरांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पोचम दर वर्षी उन्हाळ्यात बायकोला घेऊन मिरची तोडायला दूर आंध्रात जाई. तीन महिने घराला कुलूप, हाताची आग, डोळ्यांची आग. या वर्षी जाणार नाही, असं त्याने बायकोला सांगूनही टाकलं होतं. कागदावर नाव कसं लिहिलंय, हे त्याने मला दोनदा विचारलं. मी पाहिलं नव्हतं, तरी 'बरोबर लिहिलंय' असं सांगितलं.

आमच्या तळावर एकच कायदा होता. एका जागची हाडं एका घमेल्यात धुवायची. दुसऱ्या जागची दुसऱ्या घमेल्यात. धुतलं की सगळी हाडं सारखीच दिसतात, आणि कोणतं कुठलं हे एकदा विसरलं की त्या हाडाला किंमत उरत नाही. आदल्या वर्षी एका विद्यार्थ्याने दोन पिशव्या एकत्र धुतल्या, तेव्हा सरांनी त्याला त्याच संध्याकाळच्या डोंग्याने परत पाठवलं होतं. पोरगा नदी ओलांडेपर्यंत रडत होता म्हणे.

त्या दिवशी पोचम शिधा आणायला नदीवर गेला होता आणि धुण्याचं काम माझ्याकडे होतं. ट्रान्झिस्टरवर कसोटीची कॉमेंट्री चालू होती, खेळ संपायला अर्धा तास राहिला होता. दुसऱ्या घमेल्यात माझेच मोजे भिजत होते. मोजे काढायचे, घमेलं घासायचं, पुन्हा पाणी आणायचं, एवढा खटाटोप कोण करणार? जबडा कुठला आणि मांडी कुठली, हे मला ठाऊक होतंच. मी दोन्ही पिशव्या एकाच घमेल्यात उपड्या केल्या. मी तसा सुशिक्षित माणूस. नियम आपल्यासाठी नसतात, हे सुशिक्षितांना लवकर कळतं.

हाडं वर्तमानपत्रावर वाळत घातली होती तेवढ्यात सर आले. छप्पन्न वर्षांचे, उंच, उन्हाने रापलेले. वीस वर्षं त्यांनी हा माळ पायाखाली घातला होता आणि त्यांच्या पदरी काय पडलं होतं? माशांचे दात आणि सुसरीसारख्या प्राण्यांची हाडं. त्यांना हवा होता तो अगदी सुरुवातीचा, छोटा, मांस खाणारा डायनासोर. पुढे जे अजस्र झाले त्यांचा खापरपणजोबा. कोल्ह्याएवढा, दोन पायांवर धावणारा, सरडे-किडे खाणारा. तो या लाल मातीत असलाच पाहिजे, असं सर सांगत, आणि त्यांच्या पाठीमागे लोक हसत.

सर वर्तमानपत्राशी उकिडवे बसले. जबडा पाहिला, मांडी पाहिली, दोन्ही शेजारी ठेवली. मापं जुळत होती.

"हे एकाच जागी मिळालं?"

मला मोजे आठवले, डोंगा आठवला, तो रडणारा पोरगा आठवला. "हो सर," मी म्हणालो. "नाल्यात." उताराची चिठ्ठी मी हळूच खिशात सरकवली.

सरांनी चष्मा काढला आणि तळहाताने डोळे पुसले. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. मग त्यांनी आचाऱ्याला शिरा करायला सांगितलं.

पोचम परतला तेव्हा सर गड्यांना गोळा करून तो प्राणी कसा धावत असेल हे स्वतः धावून दाखवत होते. गडी पोट धरून हसत होते. पोचमही हसला. पक्ष्यासारखा दोन पायांवर धावतो म्हणून त्याने त्याच्या तेलुगूत त्याला 'पिट्टा' म्हणजे पक्षी, असं नावही ठेवून टाकलं. मग त्याचं लक्ष वर्तमानपत्राकडे गेलं. तो तिथे जरा वेळ उभा राहिला आणि मी पाणी प्यायला गेलो तसा माझ्या मागे आला.

"साहेब, थे जबडा उतारावरचा हाय. मांडी नाल्यातली. मीच उचललो दोनी."

"माहीत आहे मला."

"मंग सर एकच जनावर म्हनून रायले."

"सांगतो मी त्यांना. उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी सर पहिल्या डोंग्याने सिरोंच्याला गेले आणि दिल्लीच्या प्रोफेसर मेहरोत्रांना तार करून आले. मेहरोत्रा म्हणजे या विषयातला शेवटचा शब्द, आणि सरांच्या शोधावर सगळ्यात जास्त हसणारा माणूस. या आणि डोळ्यांनी पाहा, असं सरांनी त्यांना कळवलं होतं. तार गेल्यावर सांगायचं म्हणजे आणखी अवघड. आणि जे अवघड, ते उद्यावर. असे दिवस जात राहिले.

पोचमने आणखी एकदा विचारलं. मी तोवर उत्तर तयार ठेवलं होतं. मी म्हणालो, "हे बघ पोचम, तुझा कागद अजून सरांच्या बॅगेत आहे. आत्ता ते चिडले तर तुझंच काम लांबेल. आधी कागद हातात पडू दे, मग सांगू."

मी त्याच्या भल्याचं बोलतोय असं त्याला वाटलं असावं. मलाही वाटत होतं. मग तो म्हणाला, "तुमी म्हनता तसं," आणि पुन्हा त्याने तो विषय काढला नाही.

बाराव्या दिवशी मेहरोत्रा आले. ठेंगणे, गोरे, उन्हाची टोपी घातलेले, बोलायला अतिशय गोड. सरांनी तंबूपुढच्या सावलीत टेबल मांडलं होतं, त्यावर कापूस, कापसावर हाडं. गडी लांब उभे होते. पोचम धुतलेला सदरा घालून आला होता, कारण पाहुणे गेले की तळ उठायचा होता आणि कागद त्याच दिवशी मिळणार होता.

मेहरोत्रांनी भिंग लावलं. अर्धा तास ते एकेक हाड उलटसुलट करून पाहत होते. मग त्यांनी खिशातून सुई काढली आणि जबड्यातल्या एका दाताच्या मुळाशी अडकलेले कण कागदावर झाडले. मांडीच्या हाडाच्या भेगेतले कण दुसऱ्या कागदावर झाडले. दोन्ही कागद त्यांनी सरांपुढे सरकवले. पहिल्यावरची वाळू हिरवट होती, दुसऱ्यावरची माती कुंकवासारखी लाल. धुऊन वरचं निघालं होतं, आतलं राहिलं होतं.

हिरवी वाळू मोहाच्या उताराला, हे त्या माळावर शेळ्या राखणाऱ्यालाही ठाऊक होतं. सरांनाही.

मेहरोत्रा इंग्रजीत, हसत हसत म्हणाले की दोन थरांत काही लाख वर्षांचं अंतर आहे. केळापुऱ्यांनी पणजोबाच्या तोंडाला पणतवाचे पाय जोडले आहेत. मग ते जरा गंभीर झाले. जबडा हवा होता त्याच प्राण्याचा असू शकतो, असं त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. पण पाच दातांवर कुणी शपथ घेणार नाही, त्याच्या जागी बाकीचा सांगाडा मिळाला तरच बोलायचं.

सरांचा चेहरा राखेसारखा झाला होता. ते माझ्याकडे वळले.

"गुंडावार, पिशव्या कोणी भरल्या होत्या?"

धुतल्या कोणी, असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय केलं असतं, याचा मी पुढे पुष्कळ विचार केला. पण त्यांनी भरल्या कोणी असं विचारलं, आणि मला पळायला वाट मिळाली.

"पिशव्या पोचमच भरतो, सर."

यातला शब्दन् शब्द खरा होता.

सर पोचमकडे वळले. "दोन जागची हाडं एका पिशवीत टाकलीस?"

पोचमने सरांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे पाहत होता. त्याच्या नजरेत राग नव्हता, दटावणी नव्हती. कुणी पुढे चालत असेल आणि आपण मागून येत असू, तर पुढचा वळून थांबतो, तसा तो थांबला होता. मी भिंग उचललं आणि त्यातून दात बघू लागलो. पाचही दात मला अगदी स्पष्ट दिसले.

"बोल ना," सर म्हणाले.

पोचम बोलला नाही. सर मेहरोत्रांकडे वळून इंग्रजीत म्हणाले की ही माणसं मेहनती असतात, पण शास्त्रातलं त्यांना काय कळणार. मेहरोत्रांनी मान हलवली. दोघांत तेवढंच एकमत झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. आमच्याकडे चोर भिंगातून फाशी बघत होता.

दुपारी तळ उठला. सरांनी चामडी बॅग उघडली, चौघांना आठवड्याचा रोज दिला आणि पोचमला सांगितलं की पुढच्या हंगामात येऊ नकोस. कागदाबद्दल ते काही बोलले नाहीत, पोचमनेही विचारलं नाही. त्याने सवयीने माझी वळकटी खांद्यावर घेतली आणि नदीपर्यंत आणून डोंग्यात ठेवली. मी त्याला म्हणालो की नागपूरला गेल्यावर सरांशी बोलेन. तो म्हणाला, "बरं."

नागपूरला गेल्यावर मी बोललो नाही. सर महिनाभर कुणाशीच बोलत नव्हते, तेव्हा आता नको असं वाटलं. पुढे ते बोलायला लागले, तेव्हा आता कशाला असं वाटलं. पोचम त्या उन्हाळ्यात मिरची तोडायला गेला, हे मला सिरोंच्याच्या गोदामवाल्याकडून कळलं. गोदामाला दुसरा रखवालदार नेमला होता.

दोन वर्षांनी, ऑक्टोबरात, संस्थेच्या पत्त्यावर माझ्या नावाने एक कार्ड आलं. अक्षर कुण्या शाळामास्तराचं होतं, खाली पोचमचा अंगठा. लिहिलं होतं की मोहाच्या उताराखाली या पावसाने पिट्टाची बाकीची हाडं उघडी पडली आहेत. मणके ओळीने आहेत, शेपटी आहे, एक पाय आहे. हात लावलेला नाही. शेळ्या येऊ नयेत म्हणून काट्याचं कुंपण केलं आहे. पुढल्या पावसाच्या आत यावं. शेवटच्या ओळीत होतं की कामाबद्दल काही मागत नाही, फक्त सरांना दाखवा.

मी ते कार्ड तीन वेळा वाचलं. सर भिंतीपलीकडच्या खोलीत बसले होते. त्यांच्या निवृत्तीला काही महिने उरले होते. मी उठून दहा पावलं चाललो असतो तर त्यांच्या वीस वर्षांची झोळी भरली असती. पण त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे मला ठाऊक होतं. जबडा नेमका उतारावर कुठे मिळाला हे पोचमला इतकं पक्कं ठाऊक होतं, तर त्याने तो नाल्यातल्या हाडांच्या पिशवीत टाकलाच कसा? आणि मग चिठ्ठ्या, पिशव्या, घमेलं. मला नुकतंच अधिव्याख्यातापदी बढतीचं पत्र मिळालं होतं. मी कार्ड खणात ठेवलं. खण बंद करताना मी स्वतःला सांगितलं की आधी परीक्षा होऊ देत, उन्हाळ्यात जाऊ.

उन्हाळ्यात दुसरं कार्ड आलं. त्यात एवढंच होतं: ढग दिसू लागले आहेत.

त्या मातीतलं हाड कोट्यवधी वर्षं आत सुरक्षित राहतं, पण एकदा का उघडं पडलं की दोन-तीन पावसांत त्याचा चुरा होतो. हे मी दर वर्षी विद्यार्थ्यांना शिकवत होतो.

सर निवृत्त झाले आणि तीन वर्षांनी गेले. त्यांच्या शोकसभेत मी त्यांच्या चिकाटीवर भाषण केलं. पुष्कळांनी भाषणाचं कौतुक केलं. त्यानंतर झोप नीट लागेना. आणखी दोन वर्षं मी ते वयावर आणि रक्तदाबावर ढकललं. मग एका डिसेंबरात, कुणालाही न सांगता, मी सिरोंच्याला गेलो.

पोचम घरीच होता. केस पिकले होते, बाकी तसाच. मला त्याने लगेच ओळखलं. पोसक्काने, त्याच्या बायकोने, मला खाट टाकून दिली, पाणी दिलं आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता आत गेली. मी उताराबद्दल विचारलं. पोचमने काठी उचलली आणि आम्ही डोंग्याने पलीकडे गेलो.

काट्याच्या कुंपणाचे चार-दोन खुंट उरले होते. आत हिरवट वाळूत पांढऱ्या खड्यांची एक अस्पष्ट रांग होती, हातभर लांबीची. मी गुडघे टेकून एक खडा उचलला, तो बोटांत पीठ झाला. मी दुसरा उचलला नाही.

"तीन पावसं टिकला," पोचम म्हणाला. "पयल्या पावसात मी वरतून पळसाची पानं अन् माती टाकलो. दुसऱ्याले बी टाकलो. मंग वाहून गेला."

तो असं सांगत होता जसं घरातल्या म्हाताऱ्याच्या दुखण्याचं सांगतात. नऊ वर्षं हाडं शोधलेल्या त्या माणसाने तो एकच सांगाडा न उचलता राखला होता, कारण नियमाने तो आमच्या हातून निघायला हवा होता. आणि मी खणाला कुलूप लावून बसलो होतो. मला रडू आलं, आणि पोचमसमोर रडण्याचाही आपल्याला अधिकार नाही हे कळून ते आवरलं.

आम्ही तिथेच बसलो. नागपूरपासून मी जे पाठ करत आलो होतो, ते अखेर बोललो.

"पोचम, चूक माझी होती. तू पिशव्या वेगळ्याच भरल्या होत्यास. मी त्या एकत्र धुतल्या."

"ठाऊक हाय."

"तेव्हा तू बोलला का नाहीस?"

"मी बोललो असतो तं कोन मानलं असतं? तुमी बोलाल म्हनून थांबलो." त्याने काठीने वाळूत एक रेघ ओढली. "सरांले सांगितले का मंग?"

"सर वारले. दोन वर्षं झाली."

"अन् थे दिल्लीवाले?"

"त्यांना नाही सांगितलं."

"आपल्या हापिसात?"

मी नकारार्थी मान हलवली. पोचमने माझ्याकडे वळून पाहिलं. त्या दिवशी टेबलापाशी पाहिलं होतं तसं नाही; आता तो कशाची वाट बघत नव्हता.

"मंग मले काऊन सांगता, साहेब? मले तं ठाऊकच होतं."

खाली नदीवर डोंगेवाला हाका मारत होता. पोचम उठला, धोतराची वाळू झटकली आणि पुढे चालू लागला. मी त्याच्या मागोमाग निघालो. गप्प बसणं मला चांगलं जमत होतं.